पेशीपासून गटारापर्यंत : रुडॉल्फ फिर्खो

इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात चरित्र म्हटलं की विश्वेश्वरय्या, एडिसन, नाहीतर टेस्ला. ही सगळी थोर माणसं आहेत, पण शाळेच्या निबंधापासून त्यांच्यावर आपलं सगळ्यांचं लिहून झालं आहे. म्हणून यंदा मी एका डॉक्टरवर लिहितोय. संपादक मंडळातल्या मित्राने विचारलंच, की आपल्या अंकात डॉक्टर कशाला? त्याला मी सांगितलं, की हा माणूस आजाराचं मूळ शोधत मायक्रोस्कोपखालच्या पेशीपर्यंत गेला आणि तिथून निघाला तो थेट शहराच्या भुयारी गटारांच्या नकाशापर्यंत पोचला. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्यासारख्याला एवढं कारण पुरेसं आहे.

नाव रुडॉल्फ फिर्खो. स्पेलिंग बघून कोणी विर्चो म्हणतं, कोणी विरशॉ. जर्मन उच्चार फिर्खोच्या जवळचा आहे, म्हणून मी तोच वापरतो.

त्याचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा. गावाचं नाव शिफेलबाइन. तेव्हा हा भाग प्रशियाच्या राज्यात होता, आज तो पोलंडमध्ये आहे आणि गावाचं नाव श्विद्विन झालंय. वडील शेती करायचे आणि नगरपालिकेचा खजिना सांभाळायचे. घरात खाऊनपिऊन सुखी म्हणावं अशीही परिस्थिती नव्हती. मुलगा हुशार, पण शिकवायला पैसे कुठून आणायचे? वाट सापडली ती लष्कराची. बर्लिनला लष्करी डॉक्टर तयार करणारी एक संस्था होती. शिक्षण फुकट, बदल्यात पुढे सैन्यात नोकरी करायची. आपल्या भाषेत बाँड. १८३९ मध्ये फिर्खो तिथे दाखल झाला आणि १८४३ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडला. नेमणूक मिळाली ती बर्लिनच्या शॅरिटे हॉस्पिटलात. तिथे त्याच्या वाट्याला आलं शवविच्छेदनाचं काम.

त्या काळचं वैद्यकशास्त्र कुठे उभं होतं हे समजल्याशिवाय या माणसाचं मोठेपण कळत नाही. आजार म्हणजे शरीरातल्या द्रवांचा बिघडलेला तोल, ही दोन हजार वर्षांची जुनी समजूत अजून पूर्ण गेली नव्हती. व्हिएन्नाचा रोकितान्स्की हा त्या काळातला शवविच्छेदनाचा बादशहा. मेलेल्या माणसाच्या अवयवात काय दिसतं हे त्याच्याइतकं बारकाईने कोणी पाहिलं नसेल. पण हे कशामुळे झालं, असं विचारलं की त्याचंही उत्तर रक्ताच्या मिश्रणात दोष आहे इथेच येऊन थांबायचं. व्हायवामध्ये मोटर का जळली असं विचारल्यावर आपण सिस्टिममध्ये प्रॉब्लेम होता सर असं उत्तर देतो, तसंच हे. उत्तर चुकीचं म्हणता येत नाही, पण त्याने दुरुस्तीही होत नाही. कुठली वाइंडिंग, कुठला टर्न, कुठे इन्सुलेशन गेलं, हे सांगितलं तर काहीतरी हाती लागेल. पंचविशीच्या फिर्खोने रोकितान्स्कीच्या या रक्तदोषाच्या सिद्धांतावर छापील टीका केली, आणि ती इतकी सडेतोड होती की पुढच्या आवृत्तीत रोकितान्स्कीने तो भाग बराचसा गाळला.

नुसती टीका करून तो थांबला नाही. त्या वेळी फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी सापडली की ती तिथेच तयार झाली असं मानत. फिर्खोला शवविच्छेदनात असं वारंवार दिसलं, की अशा माणसांच्या पायांच्या शिरांतही गुठळ्या असतात. मग त्याने कुत्र्यांच्या शिरांत रबराचे तुकडे आणि गुठळ्यांचे तुकडे सोडले, आणि ते फुफ्फुसात जाऊन अडकलेले सापडले. म्हणजे गुठळी एका ठिकाणी धरते, तिचा तुकडा सुटतो, रक्ताबरोबर वाहत जातो आणि दुसरीकडे पाइप चोंदतो. थ्रॉम्बोसिस आणि एम्बोलिझम हे आज प्रत्येक हॉस्पिटलात ऐकू येणारे दोन शब्द त्याने रूढ केले. १८४५ मध्ये त्याने एका बाईच्या रक्तात पांढऱ्या पेशींची विलक्षण गर्दी पाहिली. याला पू झालाय असं म्हणून न सोडता त्याने हा वेगळाच आजार आहे असं मांडलं आणि १८४७ मध्ये त्याला ल्युकेमिया हे नाव दिलं. त्याच वर्षी एका मित्राबरोबर स्वतःचं संशोधन मासिकही काढलं, कारण जुनी मासिकं तरुणांचे लेख छापायला नाखूश असत. ते मासिक आजही निघतं आणि त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

आता गोष्ट वळण घेते.

१८४८ च्या फेब्रुवारीत प्रशियाच्या सरकारने त्याला अप्पर सिलेशियाला पाठवलं. तिथे टायफसची साथ होती. टायफस म्हणजे आपला टायफॉइड नव्हे. तो उवांमुळे पसरतो, पण हे कळायला १९०९ साल उजाडावं लागलं. सरकारची अपेक्षा साधी होती : तरुण डॉक्टरने जावं, बघावं आणि औषधपाण्याबद्दल दोन-चार शिफारशी लिहाव्यात. फिर्खो तिथे जेमतेम तीन आठवडे राहिला. त्याने पाहिलं, की पिकं बुडालीत, लोक उपाशी आहेत, एकेका झोपडीत माणसं आणि जनावरं एकत्र कोंबलेली आहेत. जमीनदार भलतीकडेच राहतात. जनता पोलिश बोलते आणि सरकार, शाळा, डॉक्टर सगळे जर्मन. डॉक्टर काय म्हणतो ते पेशंटला कळत नाही.

परत येऊन त्याने जो अहवाल लिहिला तो वाचून सरकारी साहेबांची काय अवस्था झाली असेल याची मी कल्पना करू शकतो. औषधांचा भाग थोडा होता. बाकी शिफारशी होत्या त्या लोकांना राज्यकारभारात वाटा द्या, त्यांच्या स्वतःच्या भाषेत शाळा काढा, रस्ते बांधा, शेती सुधारा, कराचा बोजा गरिबांवरून काढून श्रीमंतांवर टाका, अशा. डॉक्टरला विचारलं गोळ्या कुठल्या द्यायच्या, त्याने उत्तर दिलं रस्ते आणि शाळा. साथीमागचा जंतू त्याला माहीत नव्हता, उवांचं कामही माहीत नव्हतं. तरी उपासमार आणि कोंदट गर्दी हटवली तर ही साथ पुन्हा पेट घेणार नाही, हा त्याचा अंदाज बरोबर होता.

तो बर्लिनला परतला आणि आठवडाभरात तिथे क्रांती झाली. मार्च १८४८ मध्ये रस्त्यांवर अडथळे रचून लोक राजाच्या सैन्याशी लढले, त्यात फिर्खोही होता. मग त्याने वैद्यकीय सुधारणेसाठी एक साप्ताहिक काढलं. ते वर्षभर चाललं. क्रांती फसली आणि १८४९ मध्ये सरकारने त्याला शॅरिटेतल्या नोकरीवरून दूर केलं. ओरड झाल्यावर घेतलं परत, पण अटी घालून. शेवटी दक्षिणेकडच्या व्युर्झबुर्ग विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केलं आणि तो निघून गेला. राजकारण बंद, ही तिथली अट होती. बंडखोर माणसाला सात वर्षं गप्प बसावं लागलं, आणि त्या सात वर्षांत त्याचं सगळ्यात मोठं काम झालं.

पेशी हा शब्द तेव्हा नवा नव्हता. रॉबर्ट हूकने १६६५ मध्येच बुचाच्या कापात खोल्या-खोल्या पाहिल्या होत्या. १८३८ आणि १८३९ मध्ये श्लायडन आणि श्वान यांनी वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचे बनलेले आहेत असं मांडलं. पण नवी पेशी येते कुठून? श्वानचं म्हणणं होतं, की मिठाच्या पाण्यातून स्फटिक धरावेत तशा पेशी एका द्रवातून आपोआप धरतात. इथे गंमत बघा. पेशी जर द्रवातून उगवत असेल तर मूळ दोष पुन्हा द्रवातच, म्हणजे रोकितान्स्कीचाच मुद्दा मागच्या दाराने आत येतो. फिर्खोने १८५५ मध्ये हे दार बंद केलं. कुठलीही पेशी आधीच्या पेशीपासूनच येते, मग ती निरोगी असो की रोगट, असं त्याने ठामपणे लिहिलं. गाठीतली पेशी बाहेरून आलेली भुताटकी नाही, ती आपल्याच एका पेशीची वाकड्या वाटेने गेलेली संतती आहे.

इथे एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. पेशी पेशीच्या विभाजनातूनच होते हे बर्लिनच्याच रॉबर्ट रेमाकने प्रयोगांनी आधी दाखवलं होतं आणि १८५२ मध्ये छापलंही होतं. रेमाक ज्यू होता. प्रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात वर चढायचे रस्ते जवळपास बंद होते आणि पूर्ण प्राध्यापकपद त्याला आयुष्यात मिळालं नाही. फिर्खोने आपल्या १८५५ च्या लेखात त्याला श्रेय दिलं नाही. गरिबांच्या आणि पिडलेल्यांच्या बाजूने आयुष्यभर बोललेल्या माणसाच्या खात्यावर ही नोंद आहे. चरित्र लिहिताना ती खोडणं मला योग्य वाटत नाही. जर्नल कोणाचं उतरवलं हे आपल्या होस्टेलवर सगळ्यांना माहीत असतं, तसं विज्ञानाच्या इतिहासालाही ते उशिरा का होईना कळतंच.

१८५६ मध्ये बर्लिनने त्याला सन्मानाने परत बोलावलं. त्यानेही आपली अट घातली : आधी नवी संस्था बांधून द्या. ती मिळाली. तिथे १८५८ च्या सुरुवातीला त्याने डॉक्टरांसमोर वीस व्याख्यानं दिली. एका विद्यार्थ्याने ती लघुलिपीत उतरवली आणि त्याच वर्षी पुस्तक निघालं. पेशींच्या पातळीवरचं रोगविज्ञान, असं त्याचं नाव मराठीत सांगता येईल. मुख्य मुद्दा एकच. आजाराला पत्ता असतो, आणि तो पत्ता पेशीचा असतो. शरीर म्हणजे एखाद्या राजाचं राज्य नाही, ते पेशी नावाच्या नागरिकांचं गणराज्य आहे, आणि नागरिक आजारी पडले की राज्य आजारी पडतं. बॅरिकेडवर उभा राहिलेला माणूस अशीच उपमा देणार.

आता पेशी आजारी पडते म्हणजे नेमकं काय होतं? फिर्खोच्या मायक्रोस्कोपखाली त्याला एवढंच दिसायचं, की पेशी सुजते, धूसर होते, तिच्यात चरबीचे थेंब साठतात, मग ती मरते. मरण कधी एकदम येतं, कधी हळूहळू कुरतडत येतं, हेही त्याने नोंदवलं. आतली यंत्रणा उलगडायला पुढची शंभर वर्षं आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागला. ती आपल्या भाषेत सांगतो.

शाळेत पाठ केलेली आकृती आठवा. बाहेर प्रद्रव्यपटल, आत केंद्रक, वीजघर म्हणून तंतुकणिका, प्रथिनं जुळवणारे रायबोसोम, आणि आत्मघाती पिशव्या म्हणून लयकारिका. आकृतीत हे सगळं शांतपणे बसलेलं असतं. प्रत्यक्षात पेशी म्हणजे पाण्याच्या पातळीखाली खणलेलं बेसमेंट आहे. साइटवर ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, की अशा खड्ड्यात डी-वॉटरिंगचे पंप रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. पेशीच्या पटलातही पंप आहेत. एटीपीचा एक रेणू खर्चून असा एक पंप सोडियमचे तीन आयन बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. हे पटल मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही पातळ आहे, आणि पेशीचं जगणं त्याच्या दोन बाजूंमधला फरक टिकवण्यावर अवलंबून आहे.

समजा हृदयाच्या एका धमनीत गुठळी अडकली. ऑक्सिजन थांबला. तंतुकणिकेला ऑक्सिजन नाही म्हणजे वीजघर बंद आणि एटीपी घटला. पंप मंदावले. सोडियम आत राहू लागला, त्याच्या मागोमाग पाणी आलं आणि पेशी सुजली. फिर्खोने पाहिलेली सूज ती हीच. पेशी ऑक्सिजनशिवाय साखर जाळून दिवस काढायला बघते, पण त्यातून लॅक्टिक आम्ल साठतं. रायबोसोम आपल्या जागेवरून सुटतात आणि प्रथिनांचं उत्पादन थांबतं. या टप्प्यावर रक्त परत आलं तर पेशी सावरते. मटेरियल्सच्या लॅबमध्ये सळई ताणताना जसं इलास्टिक लिमिटपर्यंत भार काढला की सळई मूळ लांबीवर येते, तसंच. पण एक यील्ड पॉइंट इथेही आहे. हृदयाच्या स्नायूला साधारण वीस ते तीस मिनिटं मिळतात, मेंदूच्या पेशींना जेमतेम काही मिनिटं. त्यापलीकडे कॅल्शियम आत घुसतो आणि पटल खाणारी विकरं जागी होतात. तंतुकणिका कायमची निकामी होते आणि लयकारिकेतली पाचकद्रव्यं पेशीलाच पचवू लागतात. केंद्रक आकसतं आणि त्याचे तुकडे होतात. शेवटी पटल फाटतं.

पटल फाटल्यावर आतला माल रक्तात सांडतो. डॉक्टर रक्त तपासून हार्ट अटॅक आला की नाही ते सांगतात, कारण हृदयाच्या पेशींतलं ट्रोपोनिन रक्तात सापडतं. कावीळ झालेल्या मित्राच्या रिपोर्टवर एसजीपीटी हजाराच्या घरात गेलेलं आपण पाहतो. ते यकृताच्या पेशींतलं विकर आहे. त्याची जागा पेशीच्या आत, आणि ते रक्तात आलंय याचा अर्थ तिकडे पेशी जखमी झाल्यात, मरताहेत. फिर्खो ज्याला पत्ता म्हणत होता तो पत्ता आज कुठलीही लॅब एका ट्यूब रक्तावरून काढून देते.

पेशीच्या मरणाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो फिर्खोच्या नंतर बऱ्याच उशिरा नीट कळला. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी त्याला अपॉप्टोसिस हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ झाडाची पानं गळणं. हे पेशीने ठरवून पत्करलेलं मरण. पहिला प्रकार म्हणजे इमारत कोसळणं : धूळ, आरडाओरडा, शेजाऱ्यांच्या भिंतींना तडे, म्हणजेच शरीराच्या भाषेत दाह. दुसरा प्रकार म्हणजे नियोजनबद्ध पाडकाम. पेशी आकसते, स्वतःचे नीट पुडके बांधते आणि शेजारच्या पेशी ते उचलून नेतात. बाहेर काही सांडत नाही. गर्भात आपल्या बोटांमधला पडदा असाच गेला, म्हणून आपण पेन धरू शकतो. मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीत वाढ होताना १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी मरतात. त्यावरच्या संशोधनाला २००२ चं नोबेल मिळालं. कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा नेमकं हेच बिघडतं : जिने मरायला हवं ती पेशी मरत नाही.

पुन्हा बर्लिनला येऊ. पुस्तक गाजलं, फिर्खो जगभर प्रसिद्ध झाला. दुसरा कोणी असता तर उरलेलं आयुष्य स्लाइड बघत घालवलं असतं. हा मात्र १८५९ मध्ये बर्लिनच्या नगरपालिकेत निवडून गेला आणि मरेपर्यंत नगरसेवक राहिला. मला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते. पेशीला इजा झाली हे कळलं. पण इजा करणारी गोष्ट कुठून आली? दूषित पाण्यातून. पाणी दूषित कशाने झालं? रस्त्याकडेच्या उघड्या गटारांनी आणि खड्ड्यांनी. मग काम तिथे जाऊन करायला नको का?

बर्लिन सपाट, भूजल वर, ढाळ जवळजवळ नाही, आणि शहर भराभर वाढत होतं. मैला गाड्यांनी वाहून न्यायचा की भुयारी गटारं बांधायची यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. फिर्खो या प्रश्नावरच्या नगरपालिकेच्या समितीत होता. मृत्यूचे आकडे, भूजलाच्या पातळ्या, इतर शहरांचे अनुभव असं सगळं तपासून तो भुयारी गटारांच्या बाजूने उभा राहिला. इंजिनिअर होता जेम्स होब्रेख्ट. त्याची योजना आपल्या एन्व्हायर्नमेंटलच्या पेपरात शोभेल अशी आहे. अख्ख्या शहराला एकच मोठी लाइन न करता त्याने शहराचे बारा भाग पाडले. प्रत्येक भागातलं सांडपाणी ढाळाने त्या भागातल्या सखल जागी आणायचं, तिथे पंपिंग स्टेशन, आणि तिथून दाबाने शहराबाहेरच्या शेतांवर सोडायचं. नदीत सोडायचं नाही. शहर वाढलं तर नवा भाग जोडा, जुनं उखडायला नको. १८७३ मध्ये काम सुरू झालं. नळाचं गाळलेलं पाणी आणि ही गटारं यांमुळे शतक संपेपर्यंत बर्लिनमधल्या टायफॉइडच्या बळींची संख्या पूर्वीच्या मानाने पुष्कळ खाली आली. शहराचं पहिलं नगरपालिकेचं हॉस्पिटल १८७४ मध्ये उघडलं, त्यामागेही फिर्खो होता. डुकराच्या मांसातल्या कृमीवर त्याने काम केलं आणि कत्तलखान्यात मांस तपासलंच पाहिजे असा आग्रह धरला. तीच पद्धत पुढे सक्तीची झाली.

राजकारणात तो प्रशियाच्या पंतप्रधान बिस्मार्कचा कट्टर विरोधक. लष्करी खर्चावरून संसदेत तो इतका तुटून पडायचा, की १८६५ मध्ये बिस्मार्कने त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. फिर्खोने ते नाकारलं. त्याने शस्त्र म्हणून दोन सॉसेज निवडले, त्यातलं एक किडकं, अशी एक झकास गोष्ट सांगतात. मेसमध्ये सांगायला ती फार छान आहे, पण तिला पुरावा नाही.

तो चुकलाही, आणि चुकला तेव्हा जोरात चुकला. निआंडरथल मानवाची कवटी प्राचीन माणसाची नसून आजारी माणसाची आहे असं तो म्हणत राहिला. पू कुठून येतो याचं त्याचं उत्तर त्याचाच शिष्य कोनहाइमने १८६७ मध्ये मोडून काढलं. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर येताना त्याने दाखवल्या. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्येच क्षयाचा जंतू जाहीर केला, पण जंतू सापडला म्हणजे आजाराचं पूर्ण उत्तर मिळालं हे फिर्खोला पटत नव्हतं. त्याच्या शंकेत तथ्य होतं, कारण एकच जंतू दोघांच्या अंगात जातो आणि उपाशी माणूस आधी मरतो. पण त्या शंकेपायी त्याने जंतूंना जितकं मोल द्यायला हवं होतं तितकं वेळेवर दिलं नाही. १८८७ मध्ये युवराज फ्रीड्रिखच्या घशातले तुकडे त्याच्याकडे तपासायला आले. त्या तुकड्यांत कॅन्सर दिसत नाही असं त्याने कळवलं. ऑपरेशन टळलं. युवराज सम्राट झाला आणि ९९ दिवस राज्य करून जून १८८८ मध्ये कॅन्सरनेच गेला. रिपोर्ट सॅम्पलचा असतो, पूर्ण स्ट्रक्चरचा नव्हे, हे काँक्रीटचे क्यूब तपासणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण एका बाबतीत त्याने आकड्यांपुढे मान तुकवली आणि त्याचा मला आदर वाटतो. जर्मन वंश म्हणजे गोरे-सोनेरी केसांचे लोक असा गर्व तेव्हा वाढत होता. फिर्खोने जर्मनीतल्या सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि त्वचेचा रंग नोंदवून घेतला. १८८६ मध्ये निकाल छापले. शुद्ध वंश असा कुठे सापडलाच नाही, सगळीकडे सरमिसळ. त्याच्या मरणानंतर तीस वर्षांनी त्याच देशात सत्तेवर आलेल्यांनी हा निष्कर्ष सोयीस्करपणे बाजूला ठेवला.

जानेवारी १९०२ मध्ये, ऐंशी वर्षांचा असताना, चालत्या ट्राममधून उतरताना तो पडला आणि मांडीचं हाड मोडलं. त्यातून तो सावरला नाही. ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिनमध्ये तो गेला. मागे राहिलं ते वीस हजारांहून जास्त नमुन्यांचं संग्रहालय, आणि शहराच्या पोटातली विटांची गटारं. त्यांतली काही आजही वापरात आहेत.

या माणसाकडून मी एक गोष्ट उचलली. बिघाडाला पत्ता असतो, तो शोधल्याशिवाय बोलू नये. पण पत्ता सापडला म्हणजे काम संपलं असंही नाही. पत्त्यावर जे पोचलं ते कुठून निघालं, हा दुसरा प्रश्न लगेच विचारायचा. पावसाळ्यात होस्टेलवर कोणाला कावीळ होते. रिपोर्ट पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो : यकृताच्या पेशी. त्यावर सलाइन, उसाचा रस, आराम असं सगळं होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र हॉस्पिटलात मिळत नाही. ते मिळतं पाण्याची टाकी उघडून, पिण्याच्या पाण्याची लाइन आणि सांडपाण्याची लाइन कुठे जवळून जाते ते नकाशावर बघून, क्लोरीनची टेस्ट करून. ते काम डॉक्टरचं नाही. टोटल स्टेशन आणि लेव्हलिंग शिकलेल्या आपल्यासारख्यांचं आहे. फिर्खोला त्यासाठी एक होब्रेख्ट शोधावा लागला होता. आपल्या कॉलेजात दरवर्षी साठ तयार होतात.